जिवतीच्या अक्षता

तुला सांगते, यंदा जिवतीच्या शुक्रवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमची नऊ वर्षांची सई पहिल्यांदाच एकटी, वेल्सला समर कॅम्पला गेलेली. श्रावणात शुक्रवारी मुलांना ओवाळायचं आणि मूल घरी नसेल तर त्याच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकायच्या, ही आमच्या घरची रीत. म्हणून धाकट्या ओमला ओवाळलं आणि गार्डनमध्ये येऊन सईसाठी अक्षता टाकायला लागले.

"आई, हे ताईला पोचणार? वेल्स तर खूप लांब आहे!"

"पोचतात रे. तुझी नागपूरची आजी सातासमुद्रापलीकडून माझ्यासाठी टाकतेच की."

"आज पण?"

"सकाळीच टाकल्या असतील."

झालं! ओम थेट गवतात रांगायला लागला. "अरे, नवी पँट!" म्हटलं, पण ऐकतोय कुठला. पाच मिनिटांनी मूठ घट्ट मिटून आला. उघडली तर कुंकू लागलेले तांदळाचे चार दाणे.

"आई, आजीचे आले! म्हणजे ताईला पण पोचले."

माझेच होते गं ते. पण मी त्याच्यापुढे वाकले आणि म्हटलं, "टाक बाळा, माझ्या डोक्यावर."