बरा झालेला माणूस पाहिजे

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. नव्या व्यसनमुक्ती केंद्राचं उद्घाटन, पोर्च, निळी फीत, दोनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या साठांवर माणसं. असं लिहा, साधं — नाही, ‘उत्साहाच्या वातावरणात’ नको, उत्साह नव्हता, ऊन होतं. तुमच्या पेपरवाल्यांनी त्या दिवशी नाश्ता केला आणि दुसऱ्या दिवशी ‘उत्साहात’ छापलं, म्हणून तर आज तुम्हाला परत बोलावलं. मी इथली केअरटेकर, सगळ्या किल्ल्या माझ्याकडे, आणि बी.ए. आहे राज्यशास्त्र घेऊन, तेव्हा मला सोपं करून सांगू नका, मीच तुम्हाला सोपं करून सांगते. बसा. त्या खुर्चीवर नको, ती पुनर्वसनाच्या निधीतली आहे, तिच्यावर बरा झालेल्यानंच बसायचं — हसताय काय, मागे चिठ्ठी चिकटवलीय, वाचा.

तर सरकारी पैसा येतो तीन हेडखाली, म्हणजे हिशेबाच्या तीन वेगळ्या खात्यांत. व्यसन लागू नये म्हणून प्रतिबंध, लागलं तर उपचार, सुटलं तर पुनर्वसन. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. त्यातला पहिला आला, तिसरा आला, मधला आलाच नाही. आधी कळस, मग पाया — आणि पाया पुढच्या वर्षी. मग पहिल्याचं काय केलं म्हणताय? कॅप्सूल घेतली. खायची नव्हे हो, घालायची — सहा फुटी, स्पंजची, अर्धी लाल अर्धी पांढरी, डोळे रागीट. आत आमचे समुपदेशक असतात. माणूस देवमाणूस, शिकलेला, पण त्याचं पद मंजूर झालं प्रतिबंधात, म्हणजे त्यानं फक्त व्यसन न लागलेल्या माणसाशी बोलायचं. लागलेला समोर आला तर तो उपचार झाला, दुसरं हेड, तिथं बोललं की ऑडिटची हरकत निघते. मग तो नुसता हात हलवतो. हात हलवणं जनजागृतीत बसतं. आणि दारातून ती कॅप्सूल आत मावत नाही, त्यामुळे त्याचं ऑफिस बाहेर, जिन्याखाली.

आता तिसऱ्याची गंमत ऐका. तो निधी महिनाअखेर खर्ची पडला नाही तर परत जातो, आणि परत गेला की पुढच्या वेळी ‘तुम्हाला गरज दिसत नाही’ म्हणतात. साहेब आले माझ्याकडे, केंद्रप्रमुख, घामाघूम — “ताई, एक बरा झालेला माणूस पाहिजे.” म्हटलं, साहेब, बरा व्हायला आधी आजारी माणूस आत घ्यावा लागतो. म्हणाले, “ते उपचारात येतं, आपण सध्या पुनर्वसनावर बोलतोय.” दोन दिवस शोधाशोध झाली. साहेबांचा मेहुणा तयार होता, पण त्याला कसलंच व्यसन नाही, चहासुद्धा घेत नाही, त्याच्याकडे बघून कुणाचा विश्वास बसला नसता. शेवटी मी म्हटलं, आहे एक. माझा धाकटा भाऊ.

का म्हटलं? — अहो, का म्हणजे काय. रंगारी आहे तो. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, पाठ गेली, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. आता दुखतं ते गोळी नसली की. सहा वर्षं त्याला म्हणतेय, कुठंतरी दाखल हो, तर म्हणतो, ताई, मला काय झालंय? मी विचार केला, या निमित्तानं फाटकाच्या आत तर येईल. एकदा आत आलेल्याला कोण हाकलतंय? फॉर्म मीच भरला. अक्षर माझंच आहे, नाकारत नाही. ‘उपचाराचा कालावधी’ — नव्वद दिवस. इमारतीत वीज येऊन अकरा दिवस झाले होते, पण फॉर्ममध्ये विजेचा रकाना नव्हता.

भाषण पाठ करून घेतलं. चौदा ओळी. आणि बोलला काय सुंदर, तुम्ही होतात ना, ऐकलंत ना — ताठ उभा, हात थरथरत नाहीत, कपाळावर घामाचा थेंब नाही. साहेब मला म्हणाले, “ताई, खरंच बरा झाल्यासारखा दिसतोय हो.” दिसणारच की. नऊ वाजता दोन दिल्या होत्या मी त्याला. — हे लिहू नका. पेन खाली ठेवा आधी. डबा माझ्याकडेच असतो कुलपात, मोजून देते, एरवी एक, त्या दिवशी दोन, नाहीतर माइकसकट खाली आला असता. व्यसन सुटल्याचं भाषण करायला माणसाला उभं तर राहता आलं पाहिजे. बहीण आहे मी. तुम्ही काय केलं असतं?

मग तो सुटला. चौदा ओळी संपल्या तरी माइक सोडेना. आधी भिंतीकडे बघून म्हणाला, हिला रंगाचा दुसरा हात मारलेलाच नाही. पहिल्या रांगेत कंत्राटदार खोकला. मग वॉर्डाच्या खिडकीतून आत बघितलं त्यानं, बारा पलंग, पांढऱ्या चादरी, आणि माइकमध्ये विचारलं, “मग यातला माझा पलंग कुठला?” मी कधीची वाट बघत होते या वाक्याची, सहा वर्षं, आणि तो बोलला कुठं तर साठ माणसांसमोर, व्यसन सुटल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन. साहेबांनी माइक काढून घेतला, म्हणाले, “विनोदबुद्धी परत आली, हेच आमच्या उपचारांचं यश.” टाळ्या. कॅप्सूलनं दोन्ही हात हलवले.

दुसऱ्या दिवशी मी गेले साहेबांकडे, म्हटलं, तो तयार आहे, घ्या आत. म्हणाले, “तो बरा झालाय.” म्हटलं, नाही झाला हो, तुम्हालाही माहितीय. “रजिस्टरला झालाय. बरा झालेला वर्षाच्या आत परत आला तर त्याला पुन्हा बिघडलेला धरतात, आपला यशाचा आकडा पडतो.” किती आहे आकडा? शंभर टक्के. एकातला एक. फळ्यावर लिहिलाय, तुमच्या मागेच. म्हटलं, मग पुन्हा बिघडला असं धरा. तर म्हणाले, तसा समुपदेशकाचा दाखला लागतो. गेले जिन्याखाली. कॅप्सूलचे डोळे रागीट, पण आत तो बिचारा रडत होता, नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. दाखल्यासाठी रुग्णाशी बोलावं लागतं. त्यानं हात हलवला.

— कसला आवाज? कुठं? पाण्याचा पंप आहे तो. — पंप कण्हत नाही हे मलाही कळतं. बसा खाली. किल्ल्या माझ्याकडे आहेत म्हटलं ना. चार नंबरचा पलंग. चार दिवस झाले. डबा मी पहिल्याच दिवशी त्याच्यादेखत नाल्यात रिकामा केला, शूर बाई ना मी, राज्यशास्त्राची. आता पोटात काही ठरत नाही त्याच्या, चादर पिळली तर पाणी निघेल, आणि एकदम असं सगळं बंद करायचं असतं की हळूहळू, हे मला कोण सांगणार? जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं, त्यांनी नाव बघितलं, म्हणाले, हे तर तुमच्याच केंद्रातून बरे होऊन गेलेत, तिथंच न्या. काल म्हणाला, ताई, जातो घरी. मी दार लावून घेतलं. तो म्हणाला, बरं केलंस.

आत जाऊ नका. फोटो तर अजिबात नको. झालं तुमचं, उठा आता, साहेबांची गाडी यायची वेळ झाली. मला तक्रार करायची नाही कुणाची, हे नीट लक्षात ठेवा. छापायचं तर एवढंच छापा. त्याच्या प्रमाणपत्रावर खाली, ‘उपचार करणारे वैद्यकीय अधिकारी’ या ओळीवर, एक सही आहे. निळ्या शाईची, नाव लागत नाही. मी केली नाही. साहेब म्हणतात वरून झाली, वरचे म्हणतात खालून आली. या इमारतीत अजून एकही डॉक्टर नेमलेला नाही. तो सही करणारा जो कुणी असेल, तो मला हवाय, आज, चार नंबरपाशी. चार दिवस विचारतेय. कुणी सांगत नाही.