डब्यात काय आहे?

"बहिरी असन तुझी सासू!"

असं मी नितेशले म्हटलं, अन् म्हटल्याबरोबर लक्षात आलं का त्याची सासू खरंच बहिरी आहे, अन् तिची पोरगी, म्हंजे माझी सून नीलम, आत सैपाकघरात उभी आहे! लगेच आतून आवाज आला... ठण्ण! तुमाले सांगते, तुमी म्हणसान भांडं पडलं. भांडं नव्हतं ते! झाकण होतं, कुकरचं नाही, वरणाच्या गंजाचं, अन् पडलं नव्हतं, आपटलं होतं, अन् ओट्यावर नाही, बेसिनमध्ये! आता बहिरीले एवढं ऐकू येते का, तुमीच सांगा!

"पाह्यलं?" मी म्हटलं. "झाकण ओळखलं मी!"

"झाकण साऱ्या मोर्शीनं ओळखलं, आई," नितेश म्हणे, अन् कुरिअरवाल्याचं खोकं माझ्या नाकासमोर नाचवलं. "हे काय आहे?"

"हेडफोन."

"मागं आले ते काय होते मग?"

"ते कानात खुपसाचे. हे कानावर बसवाचे."

"अन् कपाट भरून पडलं आहे ते?"

"ते बरोबर नाही."

"काहून बरोबर नाही? मी स्वतः लावून पाह्यले ना! छान वाजतात!"

वाजते छान... पण डब्यात काय आहे? हेच त कोणी समजून नाही घेत जी! पोराले समजत नाही, सुनेले समजत नाही, दुकानदाराले त नाहीच नाही!

थांबा, तुमाले डब्याचं ठाऊक नाही. ते आधी सांगा लागन, नाहीतर तुमी बी नितेशच्या बाजूनं होसान.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात. गाणी झाली का घरची बाई खाऊचा डबा आणते, बंद डबा, अन् खडखड हालवते... ओळखा बरं! ओळखलं त तुमी जिंकले. नाही ओळखलं त "हारलो बाई हारलो" म्हणाचं, मग ती झाकण उघडते, दाखवते, अन् खाऊ त तरीही देतेच. म्हंजे हारणाऱ्याचं नुकसान काही नाही! पण मी जन्मात कधी हारली म्हटलं नाही. मुरमुरे असले त डबा कुजबुजते. फुटाणे असले त भांडते. शेंगदाण्याचं असं का हात थांबला तरी एक दाणा मागून येतेच, उशिरा, रुसलेल्या जावयासारखा! बत्तासे घासतात, खारका ठोकरतात, अन् पेढे असले त डबा गप राहते, मग हालवणारीच्या मनगटाकडं पाहून ओळखा लागते. पोरी म्हणत, माणिक आली का खेळात मजा नाही राहत. नाही राहत त नका खेळू!

माझी पोरगी साधना, नितेशची मोठी बहीण, तिले या एकाच गोष्टीचा राग होता. एकदा तरी आईले हरवीन म्हणे! एका साली पोट्टीनं खारका कापसात गुंडाळून ठेवल्या, डब्यातून आवाज म्हणून नाही. मी म्हटलं, खारका, अन् कापूस मात्र माझ्या समईच्या वातीचा आहे, परत ठेव. चार दिवस बोलली नाही माझ्याशी!

मग लग्न होऊन अकोल्याले गेली, शाळेत शिकवाले लागली. अन् ते लॉकडाऊनचं साल आलं. पोरी घराबाहेर नाही, भुलाबाई नाही, गाणी नाही... पण ही रोज संध्याकाळी मोबाइलच्या तोंडाशी डबा हालवे, अन् आवाज पाठवे मले, "आई, ओळख!" मी ऐकलं का लगेच उलटा आवाज पाठवे, "लाह्या!" तिचा जवाब, "जाय माय, तुझ्याशी खेळाचंच नाही!" अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

अन् मग एक आवाज असा आला का मले ओळखूच नाही आला.

"आई, ओळख बरं. हे नाही येणार तुले!" ...अन् डबा हालला. मुरमुरे म्हणावं त मुरमुरे नाही, फुटाणे म्हणावं त... काहीतरी घसरलं आतमध्ये, काहीतरी अटकलं, अन् खलास! मोबाइलवर काय कळते जी? तो काय कानाचा आहे? मी उलटं पाठवलं, "पुन्हा हालव."

म्हणून मले चांगलं मशीन पाहिजे. एवढंच! यात बहिरीचा काय संबंध?

आता तुमी म्हणसान, म्हाताऱ्या बाईले मशीनमधलं काय समजते! चौथी शिकली मी. पण डॅक म्हंजे काय, तुमच्यापैकी कोणाले येते? करा हात वर! ...पाह्यलं? मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करून देते तो डॅक. मोबाइलमध्ये असते तो गरीब, वेगळा घेतला का श्रीमंत. मी सारं यूट्यूबवर पाहून शिकली. ते गोरे लोक इंग्रजीत सांगतात, मी बटण दाबून दाबून मागं घेते, अक्षरं वाचते, नातवाच्या डिक्शनरीत पाहते. ट्वीटर, वूफर, अँप, सारं ठाऊक आहे. दुकानात मले बनवणारा अजून जन्माले यायचा आहे!

तरी बनवलं.

अमरावतीले गेली मी एस्टीनं, पिशवीत डबा अन् त्यात घालाले मुरमुरे, फुटाणे, खारका, सारं घेऊन. ताडून पाहाले लागते ना! दुकान असं का आत पाय ठेवला त थंडी वाजली. विपुल नावाचं पोट्टं होतं, केस वर उभे, जसं काही त्याले कोणी दचकवलं अन् ते तसेच राहिले.

"आजी, नातवासाठी पाह्यजे का?"

"माझ्यासाठी."

"हां, भजनासाठी! हे घ्या..."

"डब्यासाठी."

पोट्टं म्हणे, आजी, तुमी आधी बेस ऐका, बेस! अन् त्यानं लावलं, बापा... जमीन हालली! माझे दात, बसवलेले आहेत, लपवत नाही मी, ते तोंडातल्या तोंडात फुगडी खेळाले लागले, अन् पिशवीतला डबा आपल्या मनानंच खडखड! ओळखलं मी, फुटाणे! पण ते त मीच भरले होते.

"कसं आहे, आजी?"

"वाजते छान," म्हटलं, "आता हे लाव." अन् मोबाइल दिला त्याले.

त्या एवढ्या मोठ्या स्पीकरमधून साधना बोलली. "आई, ओळख बरं. हे नाही येणार तुले!" साऱ्या दुकानात बोलली. टीव्ही पाहाले आलेले लोक वळून पाहाले लागले. अन् डबा हालला.

एक जण म्हणे, "शेंगदाणे." त्याची बायको म्हणे, "शेंगदाणे काहून असतीन, गाठी आहेत गाठी!" मालक गल्ल्यावरून उठून आला, म्हणे, "पुन्हा लाव रे. खडीसाखर आहे." बाहेरचा रिक्षावाला आत आला, त्याले वाटलं परसाद वाटून राहिले, त्यानं हातच पुढं केला! मी एकेकाले डबा भरून हालवून दाखवून राहिली, हे पाहा गाठी, हे पाहा खडीसाखर, आहे का असा आवाज? नाही ना! दुकानाचा सारा धंदा बंद पडला, तुमाले सांगते, जो तो डब्याले कान लावून!

शेवटी विपुल वैतागला. म्हणे, "आजी, येवढं काहून करता? त्या ताईले फोन करून विचारून घ्या ना!"

मी म्हटलं, "लागत नाही फोन."

त्यानं आवाज बारीक केला. सगळे आपापल्या टीव्हीकडं गेले.

तो आवाज पाठवला ना, तवा ताप होता तिले. वेगळ्या खोलीत निजली होती. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, अन् तिकडूनच गेली. आमाले पाहू बी नाही दिलं. जावई स्वतः बिमार, तो म्हणे, आई, मले काहीच ठाऊक नाही, खोलीतलं सारं उचलून धुऊन पुसून टाकलं लोकांनी. डबा बी गेला. मी "पुन्हा हालव" म्हटलं होतं, ते तिनं ऐकलं का नाही, ते बी...

जाऊ द्या.

तो स्पीकर मी घेतला. घरी आणला, लावला, वाजते छान... पण डब्यात काय आहे? आता तो वावरात आहे. नितेशनं संत्र्याच्या बगीच्यात टांगला, त्यावर कुत्रे भुंकण्याचा आवाज लावते अन् माकडं हाकलते! येवढ्या उंची बेसचे कुत्रे साऱ्या मोर्शी तालुक्यात कोणाकडं नाही. माकडं पहिल्या दिवशी पळाली, आता समोर बसून ऐकतात. त्याहिले बी वाजणं आवडलं.

मग कानात खुपसाचे आणले, फिरताफिरता ऐकता येते म्हणून. ते घालून बगीच्यात गेली त आमचा गडी बुधाजी मागून "मालकीणबाई, मालकीणबाई" करून राहिला म्हणे, मले काय ऐकू येणार! त्यानं घरी येऊन सांगितलं, बाईचे कान गेले. झालं! नितेशनं धरून नेली डॉक्टरकडं. डॉक्टरनं काचेच्या पेटीत बसवलं, टू... टू... केलं, अन् म्हणे, आजी, बारीक आवाज गेले तुमचे. म्हटलं, म्हंजे कोणते? म्हणे, जसं मच्छर. म्हटलं, मच्छर गेले त बरंच झालं, अजून काय गेलं? त्यानं नितेशकडं पाह्यलं, माझ्याकडं नाही. तवापासून हे बहिरी-बहिरी सुरू आहे घरात.

अन् मग जावयानंच सांगितलं, अकोल्यात आमच्या मागच्या गल्लीत हरिहर वकील राहतात, त्याहिले या मशीनचं वेड आहे. अकोल्याले मी साधना गेल्यावर गेलीच नव्हती. गेली. तिच्या घरावरून गेली, वर नाही पाह्यलं, सरळ वकिलाकडं.

खोली म्हणावं का काय! भिंतीले गाद्या ठोकलेल्या, खिडकीले गादी, दाराले गादी, अन् मधात एकच खुर्ची. टेबलावर ते काचेचे दिवेवाले अँप, देवासारखे. त्याहिची बायको, अनुपमाबाई, दारातूनच म्हणे, "पायातलं मांजर येईन आत, लवकर या. मले त बारा महिने प्रवेश नाही!" वकीलसाहेबानं एक गाणं लावलं, डोळे मिटले, बोट वर केलं... "ऐका! ऐकलं? गायिकेनं श्वास घेतला! तो श्वास ऐकाले मी आयुष्य घातलं, बाई!"

म्हटलं, श्वासच ऐकाचा होता त बायकोजवळ बसाचं होतं, फुकटात ऐकू येते! दारातून अनुपमाबाई येवढ्या हसल्या का त्याहिले गाणं बंद करा लागलं.

पण माणूस चांगला. माझं ऐकून घेतलं. मले त्या खुर्चीत बसवलं, कानावर आपले हेडफोन बसवले, हाताएवढे, मखमलीचे, अन् साधनाचा आवाज लावला.

काय सांगू तुमाले.

आधी पंखा ऐकू आला. तिच्या खोलीतला, त्याले एक कुरकूर होती, मीच म्हणत जाओ तेल घाला. मग डबा हालला, अन् डब्याच्या आधी, त्याच्या आगेमागे... बांगड्या! काचेच्या. इतक्या वेळा ऐकलं, बांगड्या कधी नाही ऐकल्या. मनगट बारीक झालं होतं तिचं, त्या कोपरापर्यंत जाऊन परत येत होत्या, ते ऐकू आलं. अन् मग श्वास. वकील म्हणत होते ना श्वास ऐकू येते? आला. जिना चढून आल्यासारखा. "हे नाही येणार तुले" म्हटलं अन् मधात दम घेतला पोरीनं, येवढंसं म्हणाले. मोबाइलवर मले ते हसू वाटलं होतं.

मी हेडफोन काढले. वकील म्हणे, "ओळखलं?"

"वाजते छान," म्हटलं. पुढचं निघालंच नाही तोंडातून.

मग ते हळूच म्हणाले, कोर्टातल्या आवाजात नाही, "बाई, खोटं नाही सांगत. फोननं पाठवतानाच डब्याचा आवाज अर्धा खाऊन टाकला. माणसाचं बोलणं ठेवते तो, बाकीचं फेकून देते. जे आलंच नाही, ते हे मशीन नाही देणार, अन् जगातलं कोणतंच नाही देणार." अनुपमाबाईनं चहा आणला. मांजर आत आलं. कोणी हाकललं नाही त्याले.

तर हे सारं नितेशले ठाऊक आहे. म्हणून त आज ते खोकं हातात घेऊन भांडून राहिला! तुमाले वाटते तो दगड आहे? नाही. आधी ओरडला, मग नीलमनं आतून पाणी आणलं, माझ्यासमोर ठेवलं, तिच्या आईवरून बोलली तरी ठेवलं, अन् मग त्याचा आवाज खाली आला. खोकं त्यानं खुर्चीवर ठेवलं.

"आई, वकिलानं सांगितलं ना तुले? त्यात नाहीच आहे तो आवाज."

"सांगितलं."

"मग हे काहून मागवलं?"

मी खुर्चीवरचं खोकं जवळ ओढलं.

"माझी बी बहीण होती ती," म्हणे. "मले नाही वाटत का? पण किती दिवस आई? रोज तो डबा, रोज ते 'ओळख बरं'... जेवण सोडून ऐकत बसतेस. तिनं खेळ केला होता, तुले हसवाले. खेळच होता ना तो? मग एकदा म्हण ना माय... हारली म्हण, अन् सोड. आजपर्यंत कधी म्हटलं नाही, एकदा म्हटलं त काय बिघडते?"

माझ्यापुढं हात जोडले त्यानं. येवढा बाप्या माणूस.

अन् मी त्याले म्हटलं:

"मी हारली म्हणीन रे, पण डबा उघडन कोण?"