पदरावरचे मोर

बेळगाव स्टँडवर सौंदत्तीच्या बसची रांग हलत नव्हती, मग कान तरी रिकामे का ठेवायचे? पुढं वडगावचं एक विणकर जोडपं होतं.

"तुझ्या सपनात यल्लम्मानं हिरवी साडी मागितली म्हणून विणली. पायाला लावून परत मिळंल. मग नेसणार कोण गं?"

"आपली पूर्णिमा हाय की उचगावात. दिवस गेल्यात तिला."

"न विचारता लगीन केलेलीचं नाव काढू नगंस."

"मी कुठं काढलं? देवीनंच काढलं."

"तुझी देवी लई हुशार."

"व्हय. पण पदरावर मोर घाला, असं तिनं न्हवतं सांगितलं. पूर्णिमाच्या आवडीचं मोर तुमी कशापायी घातलासा?"

बस आली. त्यानं साडीची पिशवी छातीशी धरली.

"माझ्याबी सपनात आलती."

"कोण, देवी?"

"चढ आधी. येताना उचगावची बस धरू."