तळहाताएवढा केक

...आणि डबा आत जाईना! तुम्हाला सांगतो, तो चौथा डबा होता. पहिला लाडवाचा, तो रुंद. दुसरा कुकरमधला, तो उंच. तिसरा शेजारच्या पद्माबाईंनी भिंतीवरून दिला, तो अगदी बराबर मापात बसला, तर ह्या माणसानं तो हातात फिरवून फिरवून इचारलं, "वहिनी, ह्याच्यात आधी काय केलं होतं?" त्या म्हणाल्या, "काही न्हाई हो, मागं एकदा रव्याचा केक." झालं! डबा परत, आल्या वाटेनं, भिंतीवरून, जसा काय त्यात इंचू निघाला! शेवटी अनिरुद्धनं चौथ्याचे कान चिमट्यानं आत वाकवले, तेव्हा कुठं तो त्या एअर फ्रायरच्या पोटात उतरला. आणि हे सगळं कशासाठी? केकसाठी. आणि केक केवढा? तळहाताएवढा!

आता तुमी म्हणाल, रव्याला एवढं काय भ्यायचं? भ्यायचं हो! अनिरुद्ध म्हणजे कळमनुरीतल्या आमच्या गल्लीतला, पुजारी दत्तोपंतांचा मुलगा, कचेरीत क्लार्क. त्याची पोरगी जान्हवी, त्या दिवशी आठ पूर्ण. तिला गहू चालत न्हाई. चालत न्हाई म्हणजे आवडत न्हाई असं न्हाई, बरं का! नांदेडच्या डॉक्टरनं सहा महिन्यांमागं कागदावर लिहून दिलं... गहू, रवा, मैदा, जव, जन्मभर बंद. कण जरी पोटात गेला तरी आतडं बिथरतं. आधी वर्षभर कुणाला कळलंच न्हाई, लेकरू वाळून वाळून काडी झालं. आणि कळल्यावर आजी गंगूताई काय म्हणाल्या? "आमच्या घराण्यात आजवर कुणाला गहू बाधला न्हाई! चतकोर पोळीनं काय होतंय?"

काय होतंय ते मागच्या महिन्यात दिसलं. वर्गातल्या रागिणीचा वाढदिवस, जान्हवीनं केकचा एक घास खाल्ला. एक, हो! तीन दिवस सलाईन. तेव्हापासून वर्गात कुणाचा केक कापायची वेळ आली की जान्हवी उठायची आणि बाहेर नळापाशी जाऊन उभी राहायची. कुणी सांगितलं न्हाई, आपली आपण. टाळ्या संपल्या की परत आत. आणि स्वतःच्या वाढदिवसाला सात मैत्रिणींना काय सांगत होती? "पाच वाजता या. केक न्हाई, चिवडा आहे." हे अनिरुद्धच्या कानावर पडलं आणि त्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "केक आहे. मी करणार!"

कोण करणार? ज्यानं आयुष्यात चहा उतू घालवल्याशिवाय केला न्हाई, तो! बायको अनुश्री शिक्षिका, ती नेमकी प्रशिक्षणाला हिंगोलीला, साडेसहाच्या एसटीनं येणार. फोनवरून तिचा हुकूम, "घरातली चाळणी घ्यायची न्हाई, तिच्यात कणीक बसलेली आहे. चमचा उकळून घ्यायचा. आणि हे बघा, काही झालं तरी ओटा सोडायचा न्हाई!" शेजारच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणावा म्हणावं, तर तिथं दिवसभर मैदाच उडतो. घरातली एकच वस्तू गव्हाला न शिवलेली, ती म्हणजे मेहुण्यानं, नचिकेतनं, पुण्याहून आणून दिलेला हा एअर फ्रायर. त्यात आजवर फक्त पापड आणि शेंगदाणे.

पीठ ज्वारीचं. तेही साधं न्हाई! दर रविवारी सकाळी सातला मोहनसिंगच्या चक्कीवर अनिरुद्ध ब्रश घेऊन हजर. आधी चक्कीचं तोंड झाडायचं, मग किलोभर तांदूळ दळून गुरांना द्यायचे, म्हणजे आतला गहू निघून जातो, आणि मग जान्हवीची ज्वारी. मोहनसिंग हात जोडतो, "साब, पच्चीस साल में चक्की को इतना तो मैंने नहीं नहलाया!" पण करतो बिचारा. ते पीठ लाल झाकणाच्या डब्यात, त्याला घरात कुणी हात लावायचा न्हाई. आता ते चाळायचं कशानं? ह्यानं काय केलं माहीत आहे का? दत्तोपंतांचं कोरं करकरीत उपरणं कपाटातून काढलं आणि त्यातून पीठ गाळलं. वस्त्रगाळ! म्हातारा ओसरीत जप करत बसलेला, त्यानं आपलं उपरणं पांढऱ्याचं करडं होताना पाहिलं, डोळे मिटले आणि माळ जरा जोरात ओढली.

बरं, मोबाईलवरची ती बाई म्हणते, तीन अंडी फोडा. घर पुजाऱ्याचं! अंडं उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. आणि अंडं न्हाई, मैदा न्हाई, तर केक धरून कशानं राहील? तर म्हणे इसबगोल टाका. निघाला हा मेडिकलवर. ओटा सोडून, बरं का! मेडिकलवाला भर गर्दीत इचारतो, "पोट साफ होत न्हाई का साहेब? कधीपासून?" हा म्हणतो, "केकमध्ये टाकायचंय." "केकमध्ये?" मागं उभे असलेले शाळेचे हेडमास्तर, त्यांनी ह्याच्या खांद्यावर हात ठेवला, "अनिरुद्ध, कोमट पाण्यातून घे रे. केक काहून मध्ये आणतोस?"

घरी येऊन पाहतो तर गंगूताईंनी डबा तयार ठेवलेला. "तूप लावलंय, वरून पीठ भुरभुरलंय. चिकटायचा न्हाई आता." ओट्यावर लाल डबा उघडाच होता. अनिरुद्धला वाटलं, चला, आई मदतीला लागली! सहा महिन्यांत पहिल्यांदा! दही, तेल, पिठीसाखर, कोको, सोडा, सगळं कालवून त्यानं घाणा डब्यात ओतला, एकशेसाठवर काटा लावला आणि समोर स्टूल टाकून बसला. आत बघायला काच न्हाई, काही न्हाई. नुसता घुर्रर्र आवाज. त्या आवाजावरून हा ओळखू पाहतोय, फुगून राहिला का बसून राहिला! आणि केक केवढा? तळहाताएवढा!

दहा मिनिटं गेली. अकरावं लागलं... आणि लाईट गेली.

तुम्हाला सांगतो, घरात एवढी शांतता झाली की म्हाताऱ्याच्या माळेचे मणी ऐकू यायला लागले. भिंतीपलीकडून पद्माबाई, "गेली का हो तुमची बी?" मोबाईलवरची बाई सांगून गेलेली, "फ्रेंड्स, मध्येच उघडलात तर केक बसलाच म्हणून समजा!" उघडायचं न्हाई आणि थंडही होऊ द्यायचं न्हाई, मग करायचं काय? अनिरुद्ध आत धावला, गोधडी आणली आणि मशीनला गुंडाळली. वरून शाल. शालीवरून दोन्ही हात. आणि बसला त्याला कवटाळून, ताप आलेल्या लेकराला घेऊन बसावं तसा. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून शालीवर. जान्हवी दारात उभी. "बाबा, आत जिवंत आहे का?" "आहे, बाळ." "तुमी हलू नका मग."

हलतोय कशाला! चौदा मिनिटं न्हाई हलला. लाईट आली, घुर्रर्र सुरू झालं, तेव्हा त्या माणसानं गोधडी काढली आणि मशीनला चक्क नमस्कार केला.

आणि झाला हो केक! सव्वाचारला बाहेर काढला तर मधोमध फुगलेला, काळाभोर, वर एक बारीक तडा. वास असा की पद्माबाई भिंतीवरून अर्ध्या आत आल्या. अनिरुद्धनं सुई घालून पाहिली, कोरडी निघाली. गार होईस्तोवर वारा घालत बसला. पाचला ताट ठेवून डबा पालथा केला, वरून दोन टिचक्या मारल्या, आणि केक असा अलगद उतरला, असा अलगद... खालच्या बाजूला मात्र पांढरं काहीतरी. शुभ्र पांढरं. ज्वारीचं पीठ असं असतंय का?

"आई, हे पीठ कोणतं?"

"मैदा!" गंगूताई कौतुकानं म्हणाल्या. "दिवाळीचा उरला होता, वरच्या डब्यात. ज्वारीचं चिकटतं, पद्मा म्हणाली. बघ कसा सुटला!"

बोला आता! आणि नेमक्या त्याच वेळेला दारात सात पोरी. हातात रंगीत कागदातल्या वह्या, पेन्सिली, आणि एकच गलका, "केक! जान्हवी, तू तर न्हाई म्हणली होतीस!" जान्हवीचं तोंड असं फुललेलं, की बापानं ते वर्षभरात पाहिलं नव्हतं.

पद्माबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, खालचं बोटभर कापून टाका. वरचं द्या तिला. एका चिमटीनं काय होतंय?"

आणि त्यानं सुरी उचलली बरं का! मी उगाच झाकून ठेवत न्हाई. उचलली. दारात सात पोरी, पोरीचं ते तोंड, दिवसभराची ती तकलीफ... सुरी केकपर्यंत गेली. आणि त्याला सलाईनची ती सुई दिसली, एवढ्याशा मनगटात तीनदा टोचून सापडली नव्हती ती शीर. सुरी खाली ठेवली. आणि जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडला, "कण म्हणजे कण गं आई! किती वेळा सांगायचं? तुला काय ती परत दवाखान्यात पाह्यजे का?"

गंगूताईंचा पदर तोंडाला. जान्हवीनं ताटाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि इतक्या हळू इचारलं, "मग ह्यांचं खाऊन होईस्तोवर मी नळापाशी थांबू का?"

आणि तेवढ्यात ओसरीतून दत्तोपंत बोलले. सहा महिन्यांत ह्या विषयावर चकार शब्द न काढलेला म्हातारा, माळ खाली ठेवून म्हणाला, "अगं, गव्हाचं सोवळं आहे तिला. बाकी काही न्हाई."

गंगूताईंनी पदर खाली घेतला. "सोवळं?"

"व्हय. शिवायचं न्हाई. एवढंच."

"मग हे आधी काहून न्हाई बोललात?" म्हातारी कडाडली! "सहा महिने हे पोरगं डॉक्टरचं इंग्रजी ऐकवून राहिलं मला! सोवळं म्हणायचं की सरळ! चाळीस वर्षं देवाचा नैवेद्य करून राहिले मी, मला सोवळं शिकवता का?"

आणि उठली हो! पदर खोचला. हात कोपरापर्यंत धुतले, दोनदा. तो मैद्याचा डबा अंगणात नेऊन ठेवला. स्टीलची एक वाटी तीनदा घासून उकळत्या पाण्यात टाकली, मशीनची जाळी आतून-बाहेरून घासली, कोरड्या धुतल्या फडक्यानं पुसली. पद्माबाई मदतीला पुढं आल्या तर, "तिथंच थांब! तू दुपारी काय जेवलीस?" लाल डब्यात पीठ उरलं होतं मूठभर. कोको दीड चमचा. दही संपलेलं, ते पद्माबाईंनी आंबट चेहऱ्यानं भिंतीवरून दिलं, "चमचा धुऊन काढलंय हो, शपथ!" अनिरुद्धनं चमचा परत उकळून कालवलं. आणि केक केवढा? आता तर वाटीएवढा!

पाच वाजून वीस मिनिटांनी वाटी आत गेली. पंधरा मिनिटं लागणार, आणि रोजच्यासारखी साडेपाचला लाईट जायची भीती. सात पोरींना एवढा वेळ बसवायचं कसं? तर दत्तोपंतांनी सगळ्यांना ओसरीत मांडी घालून बसवलं आणि सत्तावीसचा पाढा घ्यायला लावला. वाढदिवसाला! बाहेर "सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद", आत घुर्रर्र, आणि मध्ये गंगूताई स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा लावून उभ्या. अनिरुद्धची एक नजर बल्बवर, एक काट्यावर. बल्ब एकदा मिणमिणला. परत पेटला. दहा मिनिटं... बारा... सत्तावीस दाहे दोनशे सत्तर... टिंग!

वाकडा झाला होता. मध्ये बसलेला, एका बाजूला करपलेला. उलटा केला तर वाटीचा आकार, छोट्या डोंगरासारखा. पण आख्खा! त्यावर एक मेणबत्ती लावली, तिनंच तो झाकून गेला. सात पोरींना तो पहिला मोठा केक कापून दिला, दुसऱ्या ओट्यावर, दुसऱ्या सुरीनं. आणि जान्हवीनं स्वतःचा केक स्वतः कापला. एका पोरीनं बोट पुढं केलं, "थोडा दे ना तुझा," तर ही आठ वर्षांची ताठ मानेनं म्हणते कशी, "शिवू नको! तुझ्या हाताला गहू आहे!" आणि गंगूताई मागून, "शाब्बास!"

खाल्ला हो. सगळा खाल्ला. करपलेली बाजूसुद्धा. ताटात कण ठेवला न्हाई. अनिरुद्ध सकाळपासून उभा, पाय दुखतायत, डोळ्यांत पाणी येऊन राहिलं. वाटीला कडेला काळं चिकटलेलं दिसलं, म्हणून त्यानं हळूच बोट पुढं केलं... तर चटकन वाटी सरकली. गंगूताई! "तू दुपारी पोळी खाल्लीस. हो तिकडं." आणि ती वाटी जान्हवीनं चाटून पुसून कोरडी केली.

साडेसहाला अनुश्री एसटीतून उतरली ती पळतच आली. पिशवी खाली न ठेवता, चप्पल न काढता, घाबऱ्या घाबऱ्या इचारते, "झाला का हो केक? कसा लागला?"

अनिरुद्ध पायरीवर भिंतीला टेकून बसलेला. म्हणाला, "मला काय माहीत? मी फक्त केला."