सहा चोक, चार सक

ताईंनो, दादांनो, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या साहेब लोकांनो,

मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. खरं सांगायचं तर राग आलाय.

वंदनाताईनं आणि मी करमाडच्या पुढच्या आमच्या वस्तीशाळेत बरीच वर्षं शेजारी शिकवलं. ती तिसरीला, मी चौथीला. मधी पत्र्याची भिंत. तिचं गणित मला माझ्या वर्गात ऐकू यायचं. पुस्तकातल्या विमानातल्या खुर्च्या सोडून ती शेंद्र्याला कामगार नेणाऱ्या बसची बाकं उदाहरणाला घ्यायची. शून्याचा गुणाकार आला की विचारायची, "पाच टोपल्या हायेत, एकीतही मोसंबी नाय. मग मोसंब्या किती?" पोरं हसायची. बारा सत्ते अडलं की म्हणायची, "बाराचे दहा आणि दोन कर. दोघांना सातानं गुण, मग मिळव."

अशा बाईंच्या वर्गाची चाचणी झाली. एका रांगेत सहा रोपं, अशा चार रांगा, तर एकूण रोपं किती? उत्तरसूचीत होतं सहा गुणिले चार. मेंढपाळाच्या सोनीनं लिहिलं चार गुणिले सहा, चोवीस. तपासणाऱ्यानं लाल फुली मारली.

सोनीनं विचारलं, "बाई, झाडं तितकीच निघाली ना? मग माझं काय चुकलं?"

वंदनाताईनं सगळा वर्ग मैदानात नेला. पोरांना रांगांत उभं केलं. सोनीला आधी समोरून बघायला लावलं, मग बाजूनं. म्हणाली, "कुठूनही बघ. पोरं बदलली का?" सोनी म्हणाली, "नाय."

मग ती केंद्रप्रमुख साहेबांकडं गेली. मी सोबत होते. ती म्हणाली, "साहेब, सहा चोक असो की चार सक, उत्तर एकच. हा गुणाकाराचा नियम आपणच शिकवतो. पोरीचे गुण द्या." साहेब म्हणाले, "मॅडम, सूचीप्रमाणं चला. प्रत्येक पोरासाठी नियम बदलायचा का?" ती म्हणाली, "नियम मी बदलत नाय. तुम्ही बदलताय." निकालावर सही करायला तिनं नकार दिला.

वर्ग मागं पडलाय, बाई मनमानी करतात, असा तिच्याविरुद्ध शेरा वर गेला. बदली झाली, पार देवगाव रंगारीच्या पलीकडं. तब्येतीचं कारण तिनं दाखवलं, कुणी ऐकलं नाही. घर शहरात, शाळा तिकडं, रोज दोन एसट्या.

ती जायच्या दिवशी सोनीचा बाप शाळेत आला. म्हणाला, "पोरीला येत नाय म्हणतात. कशाला बसवून ठेवता? मेंढरामागं जाईल." वंदनाताई म्हणाली, "तिला येतंय, दादा. तपासणाऱ्याला येत नाय. पोरीला शाळेतून काढू नका."

काही दिवसांनी त्यानं काढलंच. नव्या गुरुजींनी सोनीच्या उत्तरावर पुन्हा तीच फुली मारली होती.

फोनवर ताई मला पहिलं सोनीचंच विचारायची. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "इतकं सोपं होतं गं. एक गुण होता फक्त."

मागच्या आठवड्यात तिकडच्या शाळेच्या पायरीवर बसल्या जागी तिच्या छातीत कळ आली. गाडी यायच्या आत ती गेली.

आज इथं फलक लागलाय, आदर्श शिक्षिका. जिवंतपणी हा शब्द कुणाच्या तोंडून आला होता? तिच्याविरुद्ध शेरा लिहिणारे आज हार घेऊन आलेत. घाला हार. फोटो काय, नाही म्हणणार नाही.

मला तिच्या आत्म्याला शांती मागायची नाही. ती शांत बसणारी बाई नव्हती. मला सोनी शाळेत परत हवी आहे. उद्या मी सोनीच्या पालावर जाणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ गप्प राहायचंय. जमेल तुम्हाला. तिची बदली झाली तेव्हाही तुम्ही असेच गप्प होतात.