कोंबड्याखालचं चाक

सन्माननीय अध्यक्ष पास्टर ओल्डेकॉप, जिल्ह्याहून आलेले मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या नगराध्यक्षा गुंडुला हार्केन, अग्निशामक दलाचे वादक आणि लॉनबाखकर मित्रहो,

उपनगराध्यक्ष म्हणून निरोपाचे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. एरवी मला ते आवडलं असतं.

माझ्यामागे भिंतीवर आपलं मानचिन्ह आहे. वर सोनेरीवर लाल कोंबडा, तो वरच्या लॉनबाखचा. आग लागली तेव्हा त्यानं गाव जागं केलं म्हणतात. खाली निळ्यावर पांढरं गिरणीचं चाक, ते खालच्या लॉनबाखचं. पन्नास वर्षांपूर्वी सरकारनं दोन्ही गावं एक केली, तेव्हा मानचिन्हाची ढालही एक झाली. कोंबडा वर का, यावरून केवढी हमरीतुमरी झाली होती, आठवतं? खालचे अजून टोमणा मारतात, "तुम्ही आरवा, दळण आम्ही दळतो!" हसा, हसा. मीही हसत आलोय. मी वरचा.

गुंडुलाबाई खालच्या. पूर आला तेव्हा त्यांचं स्वतःचं तळघर बुडत होतं, आणि त्या वर आमच्या वृद्धाश्रमात ब्लँकेटं वाटत होत्या. माझी आई तिथंच होती.

अशा माणसाला मानचिन्हाची चिनी मातीची थाळी द्यायची आपली रीत. आज दुपारी खोकं उघडलं. माझी बायको आयरिस बघतच राहिली. "एकार्ट, खालचं कुठंय?"

"कुठलं खालचं?" मी विचारलं.

थाळीवर नुसता कोंबडा. कुंभारानं वरच्या गावाचा जुना साचा वापरला, पण त्याला कशाला बोल लावू? नमुन्याचं चित्र आमच्या निरोप समारंभाच्या समितीत हातोहात फिरलं होतं. "काय डौलदार आलाय!" असं मीच म्हणालो होतो. चाक नाही, हे एकालाही खटकलं नाही. समितीत आम्ही सगळे वरचेच, हेही आजच ध्यानात आलं.

कुणी म्हणालं, कागदात गुंडाळून द्या, घरी जाऊन उघडतील.  मी तडक गुंडुलाबाईंच्या घरी गेलो. त्या बटाट्याची धिरडी करत होत्या. सगळं सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चित्र माझ्या टेबलावरूनच गेलं ना. म्हटलं, बघू, कुणीतरी बोलेल."

"मग संध्याकाळी मी काय बोलू?"

"नेहमीचंच बोला, एकार्ट. छान बोलता तुम्ही."

मित्रहो, नेहमीचं भाषण खिशात आहे. ते काढायची हिंमत होत नाही. आज त्यांना द्यायला आमच्याकडे काहीच नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. गुंडुलाबाई, तुमच्याकडे मात्र मी माफी मागत नाही. तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, आणि आम्ही पुन्हा सुटू.