गुलाबी झालेलं पाणी

—नाही नाही, असू द्या, पाना तिथेच राहू द्या, मला अडचण नाही. तुमचं बरोबरच आहे, मनगटापाशी रबर विरलंय, या हवाबंद पेटीत हात घालायचा हातमोजा तिथेच चिरला, आणि त्या चिरेतून आत हवा शिरली. तुम्हाला वाटेल, हवाच ना, त्यात एवढं काय? पण या पेटीत हवा म्हणजे विष. बाटल्यांत समुद्राच्या तळाचा गाळ आहे, त्यात जिवाणू आहेत, त्यांना ऑक्सिजन सोसत नाही—आणि नेमकी कालच सगळी बुचं काढून ठेवली होती, नवं पाणी भरायला. पाण्यात एक रंग असतो, हवा लागली की गुलाबी होतो. सकाळी दार उघडलं तर सगळ्या बाटल्या गुलाबी.

काय खातात? मिथेन. दलदलीतून बुडबुडे येतात ना, तोच वायू. एक जात तो खाते, पण खाल्ल्यावर जे इलेक्ट्रॉन उरतात ते टाकायचे कुठे? आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो, तिथे तो नाहीच—मग ती ते शेजाऱ्याच्या हवाली करते, मध्ये तारेसारखे धागे असतात अगदी, आणि शेजारी ते पाण्यातल्या सल्फेटला देऊन स्वतःचं भागवतो. एकट्यानं दोघांनाही जमत नाही. आणि मिळतं किती? एक तीळ सात जणांनी खावा, तसला हिशेब. म्हणून वाढ अशी संथ—एकाचे दोन व्हायला महिनोन्‌महिने. तरी समुद्राच्या तळातून वर येणारा बराचसा मिथेन हेच वाटेत संपवतात. कुणाला पत्ता नाही.

हा गाळ माझ्या मावशीनं आणला. बोटीवर उलट्या करत आणला, असं तीच सांगते. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं—मला आणि या बाटल्यांना. लोक म्हणायचे, बाईला मूलबाळ नाही, तर ही म्हणायची, आहेत की, पण अंगानं भरायला वेळ लावतात. माझ्याकडे बघून म्हणायची.

आता ती अंथरुणात आहे. डॉक्टर हल्ली माझ्याशी दाराबाहेर बोलतात, त्यावरून काय ते समजा. रोज सकाळी तिचा फोन—तब्येतीचं अवाक्षर नाही, "पाणी कसं आहे?" आज म्हटलं, स्वच्छ आहे. तोंडातून निघूनच गेलं. तर म्हणते, "मग एक बाटली घेऊन ये, खिडकीत ठेवू, मला बघू दे."

पंप सुरू केलात, पेटीतली हवा काढायला? असू द्या, आवाजाची सवय आहे.

ती पिशवी जरा बाजूला—नको, मीच घेते. टॉवेलात बाटली आहे. हो, हिचं पाणी स्वच्छ आहे. एक औषध असतं, दोन थेंब टाकले की रंग जातो. रंगच जातो फक्त. आतले जगलेत का मेलेत, ते नाही सांगता येत—गाळ मेला तरी काळाच दिसतो. मिथेन कमी होतोय का ते मोजत बसायचं, एवढंच हातात. कळेल, दोन-चार महिन्यांनी कळेल. मला कळेल. तिच्याकडे तेवढे—

तुमच्या पेटीचं काम चोख झालंय हो. तुमच्यावर नाही मी चिडलेली. कुणावर चिडायचं, रबरावर?

थांबा, तिचाच फोन. —हां मावशी. निघतेच आहे. ...हो, घेतली. ...कसला आवाज? पंपाचा. ...असाच लावलाय. ...नाही गं, काही उघडं नव्हतं. ...कोण असणार, दुरुस्तीवाले आलेत, किरकोळ काम आहे. ...स्वच्छ आहे म्हटलं ना तुला. ...मावशी, ऐक तरी. ...रंग आपोआप गेला. ...मावशी?

...

ठेवला तिनं.

नाही, पाणी नको. तुम्ही निघा आता. दार लोटून घ्या जाताना.